शिवगंगाबाईंनी लावलेला वर्ग

शिवगंगाबाईंना ऐकू कमी येतं, हे सायखेडवाडीत सगळ्यात शेवटी मला कळलं. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोन, त्यातला एक मी, तरीही शेवटी. तुम्हाला मात्र आधीच सांगून टाकतो. लपवून ठेवण्यात काही हशील नाही, आणि त्या लपवण्यापायीच बाईंनी दहा महिने जिवाला घोर लावून घेतला होता.

उजवा कान पार गेलेला, डावा निम्मा. वय छप्पन्न. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी मूळचा लातूरचा. भरती होईपर्यंत तिथल्या एका क्लासमध्ये शंभर-शंभर पोरांना माईकवरून गणित शिकवलेलं, त्यामुळे शिकवणं म्हणजे काय ते अख्ख्या धर्माबाद तालुक्यात मलाच कळतं अशी माझी समजूत होती. बाई मला जुन्या वळणाच्या वाटायच्या. कपाळाला विभूती, खांद्याला पर्स आणि बोलणं मोजकं. मोजकं का, ते आता कळतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. सकाळची शाळा होती आणि मी रजा टाकून लातूरला पळालो होतो. पहिलीतली पुनम बसकरपट्ट्यांच्या ढिगामागं झोपून गेली होती. शाळा सुटली, पोरं पांगली. बाईंनी फळा पुसला, खोलीवर नजर टाकली आणि कुलूप लावलं. कुलपाच्या आवाजानं पुनम जागी झाली. तिनं आतून हाका मारल्या, दार बडवलं. बाई पाठमोऱ्या रस्त्याकडं चालत निघाल्या होत्या. त्यांना काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी दानम्मा तेव्हा हातपंपावर पातेलं घासत होती. ती पातेलं टाकून धावली. बाईंना गाठून, दंड धरून तिनं मागं फिरवलं. दार उघडलं तेव्हा पोरगी घामानं आणि डोळ्यांतल्या पाण्यानं ओलीचिंब झाली होती.

"अय्यो, लेकरू एवढं वरडून राहिलं, तुमाला आलंच न्हाई का ऐकू?" दानम्मानं विचारलं.

"लक्ष नव्हतं माझं," बाई म्हणाल्या.

बाईंनी पुनमला कडेवर घेऊन घरी पोचवलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दोन भीती एकदम होत्या. एक, पुन्हा एखादं लेकरू आत राहील, पडेल, हाक मारील आणि आपल्याला कळणार नाही. दुसरी, हे वर कळलं तर वर्ग काढून घेतील आणि तालुक्याला टपालाच्या टेबलावर बसवतील. बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलेल्या बाईला टपाल म्हणजे शिक्षाच. नांदेडला जाऊन त्यांनी कानाचं मशीन आणलं आणि पर्समध्ये दडवून ठेवलं. कानात घातलं तर दिसणार, दिसलं तर विचारणार!

मग सुट्टीत दानम्माला हाताशी धरून त्यांनी वर्ग नव्यानं लावला.

मी परत आलो आणि बघतो तर रांगा गायब. पट्ट्या भिंतीच्या कडेनं गोल मांडलेल्या, म्हणजे प्रत्येक पोराचं तोंड आत. दाराच्या बाजूला, त्याच गोलात बाईंचं आसन. टेबल-खुर्ची माझ्या खोलीत ढकललेली, त्यावरून माझं डोकं तापलं ते वेगळंच. काड्यांचे गठ्ठे, मणीमाळा, चित्रांची पुस्तकं कपाटातून निघून पोरांच्या हाताला येतील अशा बुटक्या लाकडी फळ्यांवर आलेली. पोरानं लांबून काही मागायला नको आणि आपल्याला ते ऐकायला नको. ढीग म्हणून कुठं ठेवलाच नाही. ज्यामागं लेकरू झोपू शकेल असं त्या खोलीत काही उरलं नव्हतं. प्रत्येकाजवळ आइस्क्रीमच्या काडीची रंगीत झेंडी. बोलायचं असेल तर झेंडी वर करायची. आणि दारासमोरच्या भिंतीवर मोठा आरसा, खाली दोरीला कंगवा.

भिंतीवरचा मोठा फळा मात्र कोराच. लिहायचं असेल तर बाई मांडीवर पाटी घ्यायच्या, लिहायच्या आणि पोरांना दाखवायच्या. पोरांकडं पाठ अशी त्यांनी कधी केलीच नाही.

"बाई, हा काय बाजार मांडलाय?" मी विचारलं.

"पोरं दिसतात सगळी," त्या म्हणाल्या.

खरं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या डोक्यात शिरलं नाही, एवढंच.

आठ-पंधरा दिवस मी कुरकुर केली. मग बघतो तर त्यांच्या वर्गात पोरं एकमेकांचं बोलणं तोडत नव्हती. पहिलीचं पोर तोंड वर करून, स्पष्ट, पूर्ण वाक्य बोलायचं. माझे चौथीतले बहाद्दर अजून शर्टाच्या बटणाशी बोलत होते. मला हे खुपलं आणि आवडलंही. मग माझ्यातला क्लासवाला जागा झाला. गोल बसण्याला मी 'समान संधी मांडणी' म्हटलं, झेंडीला 'आत्मविश्वास झेंडी' आणि आरशाला 'स्वतःची ओळख कोपरा'. आरसा त्यांनी मागचं दिसावं म्हणून लावला होता! मी फोटो काढले, प्रत्येकाखाली चार-चार ओळींचं ज्ञान लिहिलं आणि ऑगस्टमध्ये आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिले. बाईंना न विचारता.

तासाभरात आमचे केंद्रप्रमुख फारूक सर यांचा फोन आला. "सत्यम, येत्या शुक्रवारची शिक्षण परिषद तुमच्या शाळेत. वीस शिक्षक येतील. बाईंचा वर्ग बघू द्या सगळ्यांना."

मी उड्या मारत सांगायला गेलो. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"कुणाला विचारून पाठवले फोटो?"

"अहो बाई, कौतुक होतंय तुमचं."

"कौतुक मागितलं होतं का मी?" एवढं बोलून त्यांनी डबा न उघडताच परत पर्समध्ये ठेवला. मला राग आला. माणसानं विनयालासुद्धा काही मर्यादा ठेवावी, असं मी मनात म्हणालो. मी किती गाढव असू शकतो, याचा हिशेब मी तेव्हापासून ठेवत नाही.

शुक्रवारी वीस मोटारसायकली आवारात लागल्या. दानम्मानं चहा केला. बाईंनी वर्ग सुरू केला आणि पहिली दहा मिनिटं झकास गेली. शिक्षक दाराशी उभे होते, पोरं गोलात, झेंड्या वर-खाली. मग बाहेर पावसाची सर आली आणि सगळे आत घुसले. भिंतीला पाठ लावून माणसं उभी राहिली. एका धिप्पाड गुरुजींच्या पाठीमागं आरसा झाकला गेला.

फारूक सर बाईंच्या बरोबर मागं उभे होते. त्यांनी मोठ्या आदरानं विचारलं, "बाई, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?"

बाई मणीमाळ मोजत राहिल्या.

"बाई?" सर जरा जोरात म्हणाले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. बाईंनी एका पोराला हसून मान डोलावली. शिक्षक एकमेकांकडं बघू लागले. कुणीतरी खाकरलं. मी दाराशी उभा राहून ओठ चावत होतो. मला वाटलं, फोटोचा राग बाई सरांवर काढताहेत.

बाईंना समोरच्या माणसांचे चेहरे दिसले. आपल्या मागं काहीतरी झालंय हे त्यांना कळलं, काय झालंय ते कळलं नाही. त्यांच्या हातातली माळ थांबली.

तेवढ्यात पुनम उठली. आता ती दुसरीत होती. गोल ओलांडून ती सरळ गेली आणि तिनं फारूक सरांचं बोट धरलं.

"सर, असं हिकडं यून बोला. बाईला मागचं ऐकू येत न्हाई. आमी न्हाई बोलत मागून."

सर अजून बाईंच्या मागंच उभे होते. पुनमला वाटलं सरांना नीट समजलं नसावं, म्हणून तिनं पुढं सांगितलं, "तोंडाकडं बघून बोलायचं. हळू बोललं तरी चालतंय."

सर तिच्यामागून आले. त्यांचे गुडघे दुखतात, खुर्चीशिवाय ते कुठं बसत नाहीत. ते बाईंसमोर खाली बसले, मांडी घालून, आणि पुन्हा तेच विचारलं, "बाई, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?"

बाईंनी पुनमकडं पाहिलं. मग सगळं सांगितलं. शनिवार, कुलूप, हाका, दानम्मा, नांदेडचं मशीन. वीस माणसांसमोर, आवाज न चढवता. शेवटी विचारलं, "आता वर्ग काढून घेणार का माझा?"

"वर्ग काढून घेतला तर असा वर्ग लावायचा कुणी? या सत्यमनं?" फारूक सर म्हणाले. मला ते लागलं, पण खरं होतं. "बाई, माझी अम्मी सहा वर्षं मशीन लावते. कान गेला म्हणून तिचं आईपण कुणी काढून घेतलं न्हाई. कुठंय तुमचं मशीन?"

"पर्समध्ये."

"ते काय पर्सला ऐकू यावं म्हणून घेतलंय का?"

बाई आधी हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. दहा महिन्यांचं ओझं माणसाच्या खांद्यावरून उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी पावसावर ढकललं.

बाईंनी पुनमला जवळ घेतलं. "तुला कधी कळलं गं?"

"मी आतून वरडले ना, तवाच. दानम्मा म्हणली, कुणाला सांगू नको, बाईला दुसरीकडं धाडतेल." मग ती घाबरून म्हणाली, "सांगितलं मी. आता धाडतेल का?"

"न्हाई धाडत," फारूक सर म्हणाले. नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात बाईंशी कसं बोलायचं ते पुनमच शिकवायची, हेही तेव्हाच कळलं. अख्खा वर्ग मुकाट्यानं बाईंना सांभाळत होता, आणि मी त्याला नावं देत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. बाई मशीन घालून आल्या. पोरांनी आधी कान बघायला गर्दी केली. पाचच मिनिटांत त्या माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, पोरं एवढा कालवा करतात रोज?"

"रोज, बाई."

"छान वाटतंय," त्या म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. मी माझ्या पोरांना पाढे लावून त्यांच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

वर्ग तसाच होता. गोल, झेंड्या, आरसा, काही हलवलं नव्हतं. बाई भिंतीवरच्या मोठ्या फळ्याकडं गेल्या, खडू घेतला, क्षणभर थांबल्या आणि पोरांकडं पाठ केली. वर कोपऱ्यात तारीख लिहिली.

अगदी मागून पुनमनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाई, आज वार कोणता?"

"शनिवार," बाई न वळताच म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या.