टिंबापुढचे चार

वडिलांची चाकांची खुर्ची सदुसष्ट सेंटिमीटर रुंद आहे. त्यांचे पाय गेल्यापासून मी त्यांना रोज उचलून न्हाणीत नेत होतो. माझी कंबर दुखायची, त्यांची मान खाली जायची. एकट्याने आत जाता यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणून मुळशीतल्या घराच्या न्हाणीचे दार मोठे करायला काढले.

भिंत फोडून ८१ सेंटिमीटरची जागा केली. आमचे सुतार फूट, इंच आणि सुतात मोजणारे. एका इंचाचे आठ सूत. खुर्ची मेट्रिकमध्ये आणि लाकूड इंचात, या बदलाबदलीचा कंटाळा येऊन मी हट्टाने सगळी मापे सेंटिमीटरमध्ये लिहून दिली. चौकटीच्या दोन्ही उभ्या लाकडांची रुंदी प्रत्येकी ६.४. मधे ६८.२ मोकळे राहायला हवे होते.

चौकट सिमेंटात पक्की झाली. वडिलांनी खुर्ची पुढे घेतली, ती दोन्हीकडून लाकडाला टेकली. त्यांनी ती मागे घेतली.

टेप लावला. ६६.५ देखील पुरते भरेना. सुताराला बोलावले.

"सहा सेंटीमीटर, आन् वर चार सूत. तुमीच लिवलंय की!"

"अहो, ते चार मिलिमीटर आहेत."

"टिंबापुढं आमी सूतच लिवतो, सायेब. पैल्यापास्नं."

चार सूत म्हणजे अर्धा इंच. प्रत्येक लाकूड जवळजवळ नऊ मिलिमीटर जास्त रुंद झाले होते. पिरंगुटच्या कारखान्यात मी दिवसभर मिलिमीटरमधली मापे तपासतो. तिथे टिंब क्वचितच लागते. घरी मात्र आकडे लहान दिसतात म्हणून सेंटिमीटर घेतले. आता रागावायचे कुणावर?

नवा कागद दिला. त्यावर फक्त ६४.

"चौसष्ट बारक्या रेघा. ह्ये बरं हाय. आदीच का न्हाई दिलं? कारखान्यात काय भजी तळता व्हय?"

बसवलेली चौकट जागच्या जागी रंध्याने तासायला दोन दिवस लागले. खाली, जिथे रंधा पोचत नव्हता, तिथे पटाशी. घरभर भुसा. शेवटी ६८१ भरले. एक मिलिमीटर कमी; मी टेप गुंडाळून ठेवला.

वडील आत गेले. मी सवयीने मागोमाग उठलो, तेवढ्यात त्यांनी दार लावून घेतले. मी तिथेच स्टुलावर बसलो. नळाचे पाणी बराच वेळ वाहत होते.