सुरवसे सरांची फारकत

सुरवसे सर रसायनशास्त्र शिकवायचे ते भावकीतलं भांडण सांगावं तसं. "लई वर, आभाळात, नायट्रोजन-ऑक्सिजनची जोडी असती. ऊन तिचा एक इलेक्ट्रॉन हिसकावतं. तो उनाड दिवसभर मोकळा फिरतो न् रेडिओचा आवाज खातो. ऊन सरलं की परत जोडीत शिरतो, आन् मग काय? फारकत! दोघं दोन वाटंला. पण आवाजाला रस्ता मोकळा!" शेजारच्या वर्गात मी इतिहास शिकवायचो. भिंतीपलीकडून ती 'फारकत' आली की माझी पोरं पानिपतावरसुद्धा हसायची.

सर आणि वहिनी, दोघांनीही वायरलेसवर बोलायच्या परवान्याची परीक्षा दिलेली. वहिनी ईटला माहेरी निघाल्या की साडीच्या घडीत छोटा सेट. मग सांजेला "मिठाचा डबा कुठं हाय?" हा प्रश्न आमच्या कळंबहून आभाळाला धडकून ईटला उतरायचा. मोबाईल दोघांकडंही असून!

त्या पावसाळ्यात वहिनी माहेरी असतानाच ईटमध्ये पुराचं पाणी शिरलं. टॉवर बंद, रस्ता बंद. दुपारी उघडीप झाली तेव्हा मी सरांच्या गच्चीवर गेलो. सरांच्या कानाला हेडफोन, बाहेरही ऐकू येईल अशी नुसती खरखर. सर सूर्याकडं डोळे वटारून म्हणाले, "बुड की रे आता!"

मी भडकलो. "सर, अंधारात माणसं कशी काढणार?"

"तिची बॅटरी लहान हाय. उजेडात ती बोलली तरी मला ऐकू यायचं न्हाय. फारकत होऊ द्या." त्या शब्दावर सर पहिल्यांदाच हसले नाहीत.

सूर्य टेकला, बुडाला. तरी खरखरच. सरांचं बोट बोलायच्या बटणावरून हललं नाही. मी उगाच पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आलो. हळूहळू खरखर पातळ झाली आणि तिच्यातून एक खेकसणं वर आलं.

"झाली का तुमची फारकत? दुपारधरनं वरडून घसा बसला माझा! शाळंच्या गच्चीवर हाव आमी, अख्खी आळी हाय. पाणी चढतंय. बोट धाडा! ओव्हर!"

सरांनी आभाळाला हात जोडले. बटण मीच दाबलं, "आलो वहिनी!" म्हणालो आणि मोटारसायकल तहसीलकडं पिटाळली. बोट गेली. गच्चीवरचं माणूस न् माणूस खाली उतरलं.

सरांच्या निरोप समारंभात पोरांनी गलका केला, "सर, एकदा फारकत!" पहिल्या रांगेत वहिनी बसलेल्या. सर त्यांच्याकडं बघत राहिले.

"फारकतीला नावं ठिवू नका रं," ते म्हणाले. "माझा संसार तिच्यामुळंच टिकलाय." मग चष्मा काढून पुसू लागले.

वहिनींनी पदर सावरला. "ओव्हर म्हणा," त्या खालूनच म्हणाल्या, "न् बसा खाली."