नवव्या रांगेतला पायगुण

हेल्गाबाईंनी मला माझी खोली दाखवण्याआधी स्टेडियम दाखवलं. जुलैअखेरची दुपार होती. त्या स्वतः मला घ्यायला स्टेशनवर आल्या होत्या. माझी एक बॅग त्यांनी ओढायला घेतली आणि नदीवरच्या पुलावर मध्येच थांबल्या. समोर घरांच्या लाल कौलांच्या वर दिव्यांचे चार उंच मनोरे दिसत होते. "ते आमचं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, एखादा कारखाना असेल. विमानात बसून पाय सुजले होते, त्यामुळे मी नुसती मान डोलावली आणि पुढे निघाले. त्या मात्र आणखी मिनिटभर तिथेच उभ्या राहिल्या.

मी सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात काँक्रीट शिकवते. त्रेपन्नाव्या वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठात वर्षभर संशोधन करायची संधी मिळाली. घरी कुणाला खरं वाटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं. ब्राउनश्वाइगमध्ये जागा मिळता मिळेना, म्हणून रेल्वेने पाऊण तासावरच्या एका गावात, हेल्गाबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहिले. गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्या वर्षी जे घडलं ते तिथल्या लोकांच्या अजून जिव्हारी लागलेलं आहे, आणि मी त्यांचं मीठ खाल्लं आहे.

हेल्गाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सगळा जन्म पोस्टात गेला. नवरा, वेर्नर, दोन वर्षांपूर्वी वारला होता. तरी दर उन्हाळ्यात त्या दोन डाउअरकार्ट (हंगामभराचे पास) घेत होत्या, एक स्वतःचा आणि एक त्याचा. नववी रांग, शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. मी येऊन आठवडा झाला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात माझ्यापुढे तो दुसरा पास ठेवला.

"मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं.

"वेर्नरलाही कळायचं नाही. फक्त ओरडायचा," त्या म्हणाल्या. "आल्झो (तर मग), तुम्ही नुसतं बसा. शेजारी रिकामी खुर्ची असली की माझं खेळात लक्ष लागत नाही."

आमच्या मागच्या रांगेत ऊवे बसायचा. गावातली बस चालवणारा, पन्नाशीचा, आडदांड माणूस. त्याने मला दुसरी लीग समजावून सांगितली. अठरा संघ. वरचे पहिल्या लीगमध्ये जातात, तिथे पैसा आहे, टीव्ही आहे, जगभर नाव आहे. तळाचे दोन सरळ तिसऱ्या लीगमध्ये घसरतात. त्याला म्हणतात अब्स्टीग, आणि हा शब्द तो आवाज खाली आणून उच्चारायचा, आपल्याकडे दुखण्याचं नाव घेतात तसा. वर जायचं स्वप्न या गावाने केव्हाच सोडून दिलं होतं. खाली जायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. मला ते मागणं फार ओळखीचं वाटलं.

पहिल्याच सामन्याला मी शोभा करून घेतली. शनिवारची दुपार, नदीकाठाने सगळं गाव चालत निघालेलं, म्हातारे, लेकुरवाळ्या, चाकाच्या खुर्चीतले आजोबासुद्धा. आणि मी माझी सगळ्यात चांगली हिरवी शाल पांघरून. दारापाशी पोचेपर्यंत लोक माझ्याकडे का बघतायत हे कळेना. हिरवा हा पाहुण्या संघाचा रंग होता. हेल्गाबाईंनी शाल काढून स्वतःच्या पिशवीत कोंबली आणि गळ्यातला मफलर माझ्या गळ्यात घातला. पुढे तपासणीला माझा चकलीचा स्टीलचा डबा अडला. मैदानावर फेकून मारता येईल अशी वस्तू आत नेता येत नाही, असं पहारेकऱ्याचं म्हणणं. मी म्हटलं, डबा ठेवून घ्या, चकल्या कागदात बांधून द्या. त्याने एक खाऊन बघितली, आणखी एक घेतली, आणि उरलेल्या खरोखरच कागदात बांधून दिल्या. आत आम्ही पॉमेस (तळलेल्या बटाट्याच्या सळ्या) आणि चकल्या खाल्ल्या. सामना आमच्या संघाने दोन-शून्य जिंकला. मी 'आमच्या' असं त्याच दिवशी म्हणायला लागले.

दुसरा घरचा सामना जिंकला. तिसराही. तिसऱ्यानंतर हेल्गाबाईंनी मला सांगितलं की आता आपण एकमेकींना 'तू' म्हणायचं. त्यांनी मला म्हणायला सुरुवात केली, माझ्या जिभेला मात्र ते जमेना. त्याच दिवशी ऊवेने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हीच ती. ग्लुक्सब्रिंगरिन (नशीब घेऊन येणारी)." पाचसहा जण वळून हसले. एका आजींनी माझा हात हातात घेतला. मी मात्र हात सोडवून घेतला आणि मफलर नीट करत बसले.

त्याचं कारण सांगायला हवं. माझं लग्न होऊन पंधरा दिवस झाले आणि माझ्या सासऱ्यांचा छापखाना जळाला. जुन्या वायरिंगमुळे आग लागली. वर्षभरात सासरे गेले. सासूबाई वाईट नाहीत, त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही की घालूनपाडून बोलल्या नाहीत. पण एकदा, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, त्या म्हणाल्या, "हिचं पाऊल लागलं आणि छापखाना गेला." एवढंच. त्यानंतर घरात नवी स्कूटर आली, धाकट्या दिराचं दुकान उघडलं, नवी वास्तू झाली, प्रत्येक वेळी ऐन मुहूर्ताला कुणीतरी म्हणायचं, "वहिनी, तू जरा चहाचं बघतेस ना?" पुढे पुढे कुणी सांगायच्या आधीच मी उठून आत जायला लागले. नवऱ्याला हे दिसत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. वर्गात मी मुलांना सांगते की एका ठोकळ्यावरून काँक्रीटची ताकद ठरवता येत नाही. घरी मात्र एका आगीवरून माझी ठरली होती.

आणि आता परमुलखात, कुणाला माझ्या गोत्राचा पत्ता नसताना, माझा पायगुण चांगला निघाला होता. हसू येत होतं, आणि आवडतही होतं. खोटं कशाला बोलू, फार आवडत होतं.

तो शरद ऋतू मी आयुष्यात विसरणार नाही. आठवडाभर विद्यापीठात ठोकळे फोडायचे, रेल्वेत बसून बाहेरची बिटाची शेतं बघायची आणि शनिवारची वाट बघायची. झाडं पिवळी झाली, मग तांबडी. हेल्गाबाईंनी मला बसायला जाड लोकरीच्या नमद्याची गादी दिली, पायात दोन मोज्यांच्या जोड्या घालायला लावल्या. मला गाणी पाठ झाली. अर्थ पुरता कळत नव्हता, पण कुठे टाळ्या वाजवायच्या आणि कुठे मफलर डोक्यावर ताणून धरायचा हे बरोबर जमायचं. दिवाळीला मी हॅम्बर्गला एका मराठी कुटुंबाकडे फराळाला गेले, बंदरात पावसात फेरीबोटीतून फिरले, आणि इकडे घरचा सामना चार-शून्यने गेला. सोमवारी बसमध्ये ऊवेने मला चढू दिलं, पण तिकीट बघताना म्हणाला, "हॅम्बर्ग बंद." बस हसली. मीही हसले.

डिसेंबरात लीगला सुट्टी लागते. जानेवारीअखेर खेळ पुन्हा सुरू झाला तो वेगळाच. आमचा पुढच्या फळीतला चांगला खेळाडू जखमी झाला. एक सामना हरलो, मग दुसरा, मग ओळीने पाच. त्यातल्या घरच्या प्रत्येक सामन्याला मी हजर होते, त्याच खुर्चीत. वरून आठव्या क्रमांकावरचा संघ बघता बघता पंधराव्यावर आला. ऊवे आता मागून काही बोलत नव्हता. बहुधा त्याच्या मनात काहीच नसेल. पण गप्प बसलेली माणसं मी तीस वर्षं वाचत आले आहे, आणि त्या वाचनात मी कायम एकच ओळ वाचते.

मार्चमध्ये मी हेल्गाबाईंना सांगितलं, "शनिवारी प्रयोगशाळेत काम आहे."

"शनिवारी?" त्या म्हणाल्या. "जर्मनीत?"

मी खरंच गेले. रिकाम्या इमारतीत फोन समोर ठेवून बसले. आमचा संघ तीन-एकने जिंकला. मी टाळ्या वाजवल्या आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले. एका ठोकळ्याचा नियम त्या दिवशी मला आठवला नाही. पुढचे दोन घरचे सामनेही मी टाळले. त्यात एक बरोबरीत सुटला, एक गेला. हेल्गाबाई नवऱ्याची खुर्ची रिकामी ठेवून परत यायच्या आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसायच्या. त्यांना कसं सांगणार होते, की हे मी तुमच्यासाठीच करतेय?

मेमधला शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. बरोबरी झाली तरी संघ वाचणार होता, हरला तर खाली. सकाळी मी माझं कारण तयार ठेवून खाली आले. हेल्गाबाईंनी दोन मफलर इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकले होते.

"माझं डोकं दुखतंय," मी म्हटलं.

"माझंही," त्या म्हणाल्या. "चल."

त्या दिवशी ऊन होतं. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही गोल खाल्ला, मध्यंतरानंतर फेडला. एक-एक. मी खुर्चीत पाय वर घेऊन, मांडी घालून बसले होते, जमिनीला टेकायलाच नको म्हणून. शेजारच्या आजींना वाटलं मला थंडी वाजतेय, त्यांनी आपलं पांघरूण माझ्यावर टाकलं. पाचच मिनिटं उरली असताना कोपऱ्यातून चेंडू आला. आमचे तीन बचावपटू एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि त्यांच्यामधून समोरच्या संघातल्या एकाने डोक्याने तो आमच्या जाळ्यात घातला.

शिट्टी वाजल्यावर कुणी उठलं नाही. मैदानावर खेळाडू पालथे पडले होते. ऊवे दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता, लहान मुलासारखे खांदे उडवत. मग एका टोकाकडून कुणीतरी ते नेहमीचं संथ गाणं सुरू केलं आणि हळूहळू सगळं स्टेडियम गाऊ लागलं. मला गाता येईना.

"मला माफ करा," मी हेल्गाबाईंना म्हणाले. "मी यायला नको होतं."

"का?"

मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी सगळं सांगितलं. छापखाना, आग, चहा, मार्चमधली खोटी प्रयोगशाळा. पायगुणाला शब्द सापडेना, तेव्हा मी सरळ माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. हेल्गाबाईंनी माझ्या बुटांकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

"वेर्नर असताना आम्ही तीनदा खाली गेलो," त्या म्हणाल्या. "तेव्हा तू कुठे होतीस?"

"सांगलीत."

"आणि मग?"

मागून ऊवेने नाक पुसलं. "त्या कोपऱ्यावरच्या चेंडूला तीन माणसं उभी होती," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तू त्यांच्यात नव्हतीस. मी नीट बघत होतो."

हेल्गाबाई म्हणाल्या, "गेनाऊ (अगदी बरोबर). मार्चमध्ये तीन शनिवार मी एकटी बसले. त्याबद्दल मात्र माफी माग." मी मागितली. मग त्यांनी माझ्या हाताला धरून मला उभं केलं आणि आम्ही उरलेलं गाणं म्हटलं.

जूनअखेर मी निघाले. हेल्गाबाईंनी तिसऱ्या लीगचे दोन पास आधीच घेऊन ठेवले होते. ऊवे त्याच्या बहिणीला आणून त्या खुर्चीत बसवणार होता. पुलावर या वेळी मीच थांबले आणि त्या चार मनोऱ्यांकडे बघत राहिले. हरलेल्या माणसांनी एकमेकांकडे संशयाने न पाहता घरी जाणं, हे मी त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिलं होतं. त्या वर्षी मी काँक्रीटवर दोन शोधनिबंध लिहिले. पण कुणी विचारलं तिकडे काय शिकलीस, तर मला ती एक-दोनची दुपारच आठवते.

सांगलीच्या घरी सगळे दारात उभे होते, नवरा, दीर, जाऊ. सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पण भाकरतुकडा त्यांच्याच हातात. तो माझ्यावरून ओवाळता ओवाळता त्यांनी विचारलं, "ज्या बाईंकडे राहिलीस, त्यांचं सगळं बरं चाललंय ना?"

"त्या बऱ्या आहेत, आई. त्यांचा फुटबॉलचा संघ तेवढा खालच्या लीगमध्ये गेला."

त्यांचा हात थांबला. नजर खाली, माझ्या पावलांवर गेली. एरवी मी तोंड फिरवून आत गेले असते. या वेळी उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिले.

"त्यांचा बचाव कच्चा होता," मी म्हटलं.

सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तुकडा बाहेर टाकला, "असेल," म्हणाल्या, आणि मला वाट द्यायला बाजूला झाल्या.