जैनोद्दीन मिस्त्रीची बामची बाटली

नळदुर्गला हायवेच्या कडेला, कल्याणप्पाच्या हॉटेलाला लागून जैनोद्दीन मिस्त्रीचं गॅरेज आहे. वय एकसष्ट, नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा, आणि कीर्ती म्हणाल तर उमरग्यापासून सोलापूरपर्यंत. कशाची? गाड्या दुरुस्त करण्याची? छे हो! दुरुस्त तर कुणीही करतं. जैनोद्दीनची कीर्ती दिवे विझवण्याची.

हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसत्या तक्रारखोर. जरा काही बिघडलं की स्टिअरिंगमागच्या मीटरात पिवळा दिवा लागतो. त्यातही एबीएसचा दिवा भारी कटकट्या. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ द्यायची नाहीत, गाडी घसरू द्यायची नाही, हे एबीएसचं काम. ते बंद पडलं तरी साधा ब्रेक लागतोच, मग बाकीच्या लाडांची गरज काय, असं ड्रायव्हर मंडळींचं थोर मत. त्यांना बिघाडाचा त्रास नव्हता, दिव्याचा होता. मग जैनोद्दीन मीटर उघडायचा, तिळाएवढा दिवा सोल्डरगननं उचलायचा, आणि पाच मिनिटांत गाडी ठणठणीत! थर्मामीटर फोडून ताप घालवणारा डॉक्टर मिळाल्यावर गर्दी होणारच की.

उचललेला दिवा तो बामच्या रिकाम्या बाटलीत टाकायचा. फेकायला जीव होत नव्हता, एवढंच कारण. बाटली निम्मी भरली होती. त्याची बायको सकिनाबी एकदा ती हलवून म्हणाली, "लोकांच्या गाड्यांचे डोळे काढून बाटलीत भरता जी तुम्ही." जैनोद्दीन हसला. बायकांना गाड्यातलं काय कळतं, नाही का?

तर त्या गुरुवारी राजपालची मिनीबस टोचन लावून गॅरेजला आली. राजपाल नळदुर्गाहून कॉलेजच्या पोरी सोलापूरला नेतो-आणतो. इटकळच्या पुढं मागचं चाक खड्ड्यात आदळलं आणि मागची चाकं जोडणारा एक्सल वाकला. पठ्ठ्यानं भंगारातून दुसरा आणला. कंपनी तीच, मॉडेल तेच, फक्त चार वर्षं थोरलं. जैनोद्दीननं दीड दिवसात तो बसवला. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली नाही तोच एबीएसचा पिवळा दिवा लागला.

"चाचा, तुमचा तो इलाज करा की," राजपाल म्हणाला. "सोमवारपास्नं पोरी न्यायच्यात."

जैनोद्दीननं सोल्डरगन तापायला लावली सुद्धा. बोलायचं म्हणून बोलला, "किती हायत पोरी?"

"चौदा. आन् सोमवारपास्नं तुमची युसरा बी. एसटीची वेळ बदललीया न्हवं, कालच सांगून गेली. घरी बोलली न्हाय व्हय?"

युसरा म्हणजे जैनोद्दीनची नात, सोलापूरला फार्मसी शिकते. जैनोद्दीननं सोल्डरगनचं बटण बंद केलं.

आता बघा गंमत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरी बसत होत्या तेव्हा साधा ब्रेक पुरत होता. घरची बसणार म्हटल्याबरोबर मिस्त्रीला साक्षात विज्ञान आठवलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

"गाडी सोमवारी देतो," तो म्हणाला. "दिवा काढणार न्हाय. बिघाड काढणार."

राजपालला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. कल्याणप्पा भजी तळता तळता ओरडला, "मिस्त्री, तब्येत बरी हाय न्हवं?"

जैनोद्दीन जुना एक्सल ओढून नव्याशेजारी पालथा पडला. दोन्हीकडच्या चाकांपाशी एकेक दातेरी रिंग असते. शेजारचा सेन्सर तिचे फिरणारे दात मोजतो, त्यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला चाकाचा वेग कळतो. जैनोद्दीननं एका दाताला खडूची खूण केली आणि मोजायला लागला. जुन्या रिंगला अठ्ठेचाळीस. नव्या रिंगला चव्वेचाळीस. परत मोजले. मग युसराला बोलावून तिच्याकडून मोजून घेतले. तितकेच.

मागच्या चाकांचे दात कमी म्हटल्यावर कॉम्प्युटरला वाटत होतं, पुढची चाकं पळतायत आणि मागची रेंगाळतायत. असली गाडी त्यानं जन्मात बघितली नसणार! त्यानं एबीएसचं दुकानच बंद करून टाकलं होतं. म्हणजे अठ्ठेचाळीस दातांच्या जुन्या रिंगा नव्या एक्सलवर चढवायला हव्यात.

पुलर लावून, शिव्या घालून, शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही एक्सलच्या रिंगा निघाल्या. जुन्या चढवायच्या कशा? ठोकून चढवाव्यात तर तडकणार. तापवून फुगवल्या तर अलगद बसणार, पण सगळीकडून सारख्या तापायला हव्यात. जैनोद्दीननं इकडं तिकडं बघितलं आणि घासून पुसून ठेवलेल्या दोन्ही रिंगा सरळ कल्याणप्पाच्या भज्यांच्या कढईत सोडल्या.

"अरं बाबा, गिऱ्हाईक काय खाईल?" कल्याणप्पानं झारा उगारला.

"कालचंच तेल हाय तुझं. चव सुधारंल."

सांडशीनं उचललेल्या रिंगा मोकळ्या बांगडीसारख्या एक्सलवर सरकल्या आणि गार होता होता घट्ट बसल्या. सेन्सर आणि दात यांच्यामधली फट त्यानं लग्नपत्रिकेचा जाड तुकडा सरकवून मापली. जाड पत्रिका छापणाऱ्या सोयऱ्यांचा असाही उपयोग होतो.

रविवारी सकाळी मोकळी बस घेऊन तो आणि राजपाल बोरी नदीकडच्या मुरमाच्या रस्त्याला गेले. राजपालनं वेग धरला आणि जैनोद्दीननं "दाब!" म्हटल्याबरोबर ब्रेक दाबला. पायाखाली पेडल टरटरलं, एबीएस जागं झाल्याची ती खूण. मुरूम उडाला, पण बस वाकडी झाली नाही. नाकासमोर सरळ थांबली. दिवा लागला नाही. जैनोद्दीनला पोरासारखा आनंद झाला. पुढच्याच क्षणी त्याला लाज वाटली, कारण हे काम आपल्याला येत होतं. पहिल्यापासून येत होतं.

गॅरेजला परत आल्यावर राजपालनं डोळा मारला. "शेवटी काढलाच न्हवं दिवा?"

"तीन दिस लावले पाच मिनटाच्या कामाला," कल्याणप्पा म्हणाला. "हात चालंना झालाय त्येचा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. उभ्या जन्मात एक काम इमानानं केलं, आणि ते खरं वाटायला एक माणूस तयार नाही! आता हा दिवा विझलाय की उपटलाय, हे बाहेरून कुणाला कळणार? आणि मिस्त्रीचं नाव तर जगजाहीर.

जैनोद्दीनचं डोकं सटकलं. "चावी फिरव! गाडी चालू करू नको. नुसती फिरव, आन् बघ."

चावी फिरली. पिवळा दिवा लागला, तीन अंक मोजेपर्यंत राहिला आणि विझला.

"जित्ता दिवा आधी पेटतो, मग इझतो," जैनोद्दीन म्हणाला. "म्या काढलेला पेटतच न्हाय."

दिवा बघायला राजपालनं चावी आणखी दोनदा फिरवली.

सोमवारी युसरा त्या बसमधून कॉलेजला गेली. झालं, सुटला की मिस्त्री! आता खुशाल झोपावं. पण कुठलं काय, हा बाबा कल्याणप्पाच्या हॉटेलात येऊन बसला. चहाला थांबणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन म्हणायला लागला, "भाऊ, जरा चावी फिरवून दाखवा." कुणी हसलं, कुणी हाकललं. एकानं तर हातावर बिस्किट ठेवलं. सकिनाबीला वाटलं, दोन दिवसात उतरेल हे खूळ. उतरलं नाही. बामची बाटली आता त्याच्या खिशात असायची.

गुरुवारी मुरुम गावची एक जीप थांबली. आत बायाबापड्या, बोचकी, मागं खिडकीत एक चार वर्षांची पोरगी. ड्रायव्हर धुळाप्पा गडी हसतमुख होता. म्हणाला, "बघा की आजोबा, बघायला काय जातंय?" आणि त्यानं चावी फिरवली. मीटरात सगळे दिवे उजळले. एबीएसची जागा काळीच राहिली.

"हितला दिवा?" जैनोद्दीननं विचारलं.

"त्यो व्हय? मालकानं काढून घेतलाय. हितंच नळदुर्गात कोण एक लई हुशार मिस्त्री हाय म्हणं. पाच मिनटात काम! तवापास्नं कसली कटकट न्हाय बघा."

जैनोद्दीननं मागं बघितलं. पोरगी खिडकीच्या काचेवर बोटानं रेघोट्या ओढत होती. तिनं त्याच्याकडं बघून जीभ काढली.

"त्यो मिस्त्री म्याच," तो म्हणाला.

"काय सांगता!" धुळाप्पानं चटकन दोन्ही हात जोडले. "नमस्कार करतो चाचा. लई नाव ऐकलंय तुमचं."

"नमस्कार नको रं बाबा," जैनोद्दीन म्हणाला. "आधी त्या पोरीला खाली उतरव."