चीफचा उजवा तळवा

चीफ कुठल्याही गोष्टीवर आधी उजवा तळवा ठेवायचे. चहाचा कप असो, गाडीचं बॉनेट असो की आमच्या लेकीचं, सईचं तापलेलं कपाळ. "थर्मामीटर राहू दे गं, एकशे एक असेल," म्हणायचे, आणि ताप तेवढाच भरायचा. मोठ्या जहाजांवर चीफ इंजिनीअर म्हणून जन्म काढून ते इथे परदेशात, मरीन परेड भागात स्थायिक झाले होते. त्यांचं खरं नाव आमच्या मराठी मंडळींत कितीजणांना ठाऊक होतं, देव जाणे.

"ठीक आहे" हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. इडल्या कशा झाल्यात विचारलं तरी उत्तर, "अजून तरी तक्रार नाही." मला भारी राग यायचा.

माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, थंड मुलखातून आलेली एक जुनी बोट घेतली. बँकेत आकडेमोड करणारा माणूस, इंजिनातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण नारळी पौर्णिमेला स्वतःच्या बोटीतून समुद्राला नारळ द्यायचा, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. गुरुजींकडून मुहूर्तही काढून आणला. मला काही ते बरं वाटेना, म्हणून मी चीफना बोलावलं.

पुंगोलच्या धक्क्यावर आम्ही नटूनथटून उभे, आणि चीफ इंजिनाखाली पांढरा कागद पसरून बसलेले. सगळं इंजिन कळकट, एका बाजूला तेवढा ताजा रंग. त्यावर त्यांनी तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"हिवाळ्यात आतलं पाणी काढायला विसरलेत," ते म्हणाले. "पाण्याचा बर्फ झाला की लोखंडही तडकतं. इथे भेगेत लांबी भरून वर रंग फासलाय."

"पण कागद कोरडा आहे, चीफ," मिलिंद म्हणाला.

"इंजिन गार आहे तोवर राहील."

त्यांनी इंजिन चालू करून ठेवलं. लाइफ जॅकेट घालून बोटीत बसलेली सई कंटाळली. "चीफ आजोबा, कॅन गो ऑलरेडी?" चीफनी तिला उचलून धक्क्यावर माझ्याजवळ ठेवलं. थोड्या वेळाने कागदावर इंजिनातल्या पाण्याचा एक हिरवट थेंब पडला.

"मुहूर्त टळतोय," मिलिंद म्हणाला. "एका थेंबाने काय होतंय? मी एकटा जातो, नारळ सोडून लगेच परततो."

चीफ बोटीतून उतरले नाहीत. "एकटा नाही. मी येतो."

बोट लांब गेली. मग इंजिनाचा आवाज बदलला आणि पांढरी वाफ दिसली. समोरून मालाने भरलेला बार्ज सरळ येत होता. आमची बोट रडतखडत त्याच्या वाटेतून बाजूला झाली आणि बंद पडली. मी सईचा हात इतका घट्ट धरला होता, की ती रडायला लागली.

दुसऱ्या एका बोटीने त्यांना ओढून आणलं. भर पाण्यात लांबी उडाली होती. बार्जच्या वाटेतून सुटेपर्यंत इंजिन चालायला हवं, म्हणून चीफनी उकळतं पाणी फेकणाऱ्या त्या भेगेवर फडकं दाबून धरलं होतं. नारळ बोटीत तसाच पडून होता.

भाजलेल्या तळव्याची जखम भरली. मिलिंद कितीदा तरी माफी मागायला गेला. "बार्ज फार मोठा होता रे," एवढंच ते म्हणत.

चीफ पुण्याला लेकीकडे कायमचे निघाले, तेव्हा निरोप घ्यायला घरी आले. सईला नेमका ताप होता. सवयीने त्यांनी उजवा तळवा तिच्या कपाळावर ठेवला. ठेवून तसेच थांबले. मग तो काढून डावा ठेवला, तोही काढला.

"थर्मामीटर आण गं," ते मला म्हणाले.