खराडीच्या गच्चीवरचा सर्वांत मोठा दिवस

सोलापूरहून संध्याकाळी पुण्यात उतरले. माझी भाची केतकी धायरीला राहते आणि नोकरी खराडीत करते. म्हणजे शहराच्या एका टोकाला झोपते आणि दुसऱ्या टोकाला जागी असते. जेवायला बसल्यावर तिने ताट बाजूला सारलं.

"मावशी, उद्या सोलस्टिस आहे. आज उपवास सांगितलाय."

सोलस्टिस म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवस. शाळेत तो आम्हाला भूगोलात दोन गुणांना असे. पुण्यात आता त्याचा सण झाला आहे. या शहराला सण कमी पडत असावेत.

पहाटे अख्खं शहर ओलांडून आम्ही खराडीतल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर पोहोचलो. केतकीच्या कंपनीतली मंडळी पांढऱ्या कपड्यांत गोल उभी होती. गालाला माइक चिकटवलेले एक गुरुजी म्हणाले, "सूर्य आपल्याला बोलावतो आहे."

वर जूनमधलं पुण्याचं आभाळ, राखेसारखं. सूर्याने कुणाला बोलावल्याचं दिसत नव्हतं. त्याच इमारतीतले एक आजोबा गच्चीवर रोजच्या फेऱ्या मारत होते. त्यांनी विचारलं, "सूर्य कुठे आहे?"

"तो आत पाहायचा," गुरुजी म्हणाले.

"मग घरीच पाहायचा होतात. गच्ची कशाला अडवलीत?"

गुरुजींनी डोळे मिटले. सगळ्यांनी हात धरले. थोड्या वेळाने केतकीचा हात माझ्या हातात गार पडला, घामाने भिजला, आणि ती खाली कोसळली.

"वर्तुळ तोडू नका," गुरुजी म्हणाले. "ऊर्जा तिला सांभाळेल."

आणि ती शिकलीसवरली माणसं खरंच हात धरून उभी राहिली. मी माझा दुसरा हात हिसकून घेतला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. आजोबा खालच्या मजल्यावरच्या घरातून साखरेचं पाणी घेऊन आले.

"उपाशी आहे का?"

"कालपासून," मी म्हणाले. "यांच्या सांगण्यावरून."

आजोबा गुरुजींकडे वळले. "आपण सकाळी काय खाल्लंत?"

"मला सतत बोलायचं असतं," गुरुजी म्हणाले, "म्हणून थोडे पोहे."

केतकी डोळे उघडून हे ऐकत होती. आधार देऊन मी तिला खाली आणलं. कोपऱ्यावरच्या गाडीवर तिने दोन बशा उपमा खाल्ला.

"एवढं कशासाठी गं?"

"ऑफिसातले सगळे येणार होते," ती म्हणाली. मग रिकामी बशी खाली ठेवत, "आणि दिवस कसा असतो ते विसरलेय मी. कंपनीच्या काचा काळ्या आहेत."

मी तिच्यासाठी चहा सांगितला. तिने ऑफिसला फोन करून सुट्टी घेतली. धायरीला परतल्यावर जी झोपली, ती दुपार उलटली तरी उठली नाही. मी पडदे ओढून शेजारी बसून राहिले.

उठल्यावर तिने पडदा सारला. ढग विरळ झाले होते.

"अजून उजेड आहे?" तिने विचारलं आणि उशी घेऊन गॅलरीत जाऊन बसली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी गुरुजींना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. सोलापुरात सूर्य न बोलावता डोक्यावर येऊन बसतो, त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण या मुलीला तो पाहायला आजारी पडावं लागलं, आणि त्यासाठी शिव्या कुणाला द्यायच्या, ते घरी पोहोचेपर्यंत मला ठरवता आलं नाही.