नर कोणाचा?

कपाशीच्या बीज प्लॉटवर क्रॉसिंगच्या कामात धावडा गावच्या तृप्तीचा हात धरणारी बाई नाही. संध्याकाळी मादी ओळीतल्या कळ्या सोलायच्या, सकाळी नराचं फूल त्यांवर घासायचं. मी तिच्या शेजारच्या ओळीत असते. तिने लावलेलं फूल सहसा गळत नाही. आणि याच बाईला गाव सात वर्षं वांझ म्हणत आलंय. गावाला काय, तोंड आहे म्हणून बोलायचं!

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासलं. तृप्तीचं सगळं ठीक निघालं. नवऱ्याचे, अंगदचे, शुक्राणू अगदीच कमी होते. औषधांनी फरक पडेना, तेव्हा बाई म्हणाल्या, आता आयव्हीएफ. तिचं बीज काढून बाहेर प्रयोगशाळेत फळवायचं आणि गर्भ पिशवीत सोडायचा. येताना अंगदने तिला शपथ घातली, "आईला सांगू नको." तिने ती पाळली. मला मात्र प्लॉटवर सगळं सांगितलं, आणि बोलणी खाऊनही ती शपथ पाळते म्हणून मला तिचाच राग आला.

पोटात रोज इंजेक्शनं सुरू झाली, तशी सासू झुंबरबाई खोदून खोदून विचारू लागली. तिला कळावं म्हणून तृप्ती म्हणाली, "आत्याबाई, आपल्या क्रॉसिंगसारखंच हाय." चूक तिथेच झाली. झुंबरबाईचाही जन्म बीज प्लॉटवर गेलेला, आणि प्लॉटवर नर नेहमी दुसऱ्या वाणाचा असतो.

रविवारी अंगद जेवत होता. झुंबरबाईने त्याच्यासमोरच विषय काढला.

"नर कोणाचा लावून राह्यले? परक्याचं लेकरू मी घरात घेणार न्हाई. बिलकुल न्हाई."

"तुमच्याच लेकाचा," तृप्ती म्हणाली.

"मंग एवढा खटाटोप कशापायी?"

आता तरी नवरा बोलेल, असं तृप्तीला वाटलं. तो भाकरी कुस्करत राहिला. तिने कपाटातून रिपोर्ट काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"आत्याबाईंना वाचून दाखवा. मंगच मी उद्या दवाखान्यात येते."

अंगद तसाच खरकट्या हाताने उठून बाहेर गेला.

झुंबरबाईला वाचता येत नाही, पण लेकाचं उठून जाणं तिला बरोबर कळलं. मग तिने दार लोटलं, सुनेजवळ बसली आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला.

"माय, कोणी इचारलं तर तुझ्यातच खोट हाय म्हण," ती हळूच म्हणाली. "बाईला बोलून लोक इसरतेत. गड्याला जगू देत न्हाईत."

तृप्तीने हात सोडवून घेतला आणि मोठ्याने रडली.